पनवेल सोडलं की तापणारी गाडी आणि ती इथे आणणारे वालचंद हिराचंद

एक्सप्रेस वे व्हायच्या आधी मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या पनवेलला हमखास थांबायच्या. चहा, वडा वगैरे कारणं होतीच, पण ड्रायव्हरचं पहिलं काम वेगळं असायचं. बॉनेट उघडायचं, रेडिएटरमध्ये पाणी बघायचं आणि डिकीत भरलेला एक डबा ठेवायचा. कारण पुढे खोपोली, आणि खोपोलीनंतर बोरघाट.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल होईपर्यंत तर मुंबईची गाडी ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घालून पनवेलला पोचायची. म्हणजे इंजिन आधीच तासभर तापलेलं. त्यात घाटात खोपोली ते खंडाळा जवळपास पाचशे मीटरची चढण, पहिला-दुसरा गिअर, मागे लोड, पुढे ट्रक. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला थांबलेल्या गाड्यांपैकी निम्म्या भक्तीने थांबायच्या आणि निम्म्या वाफ सोडायला, असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

या वाफ सोडणाऱ्या गाड्यांमध्ये डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही नावं भरपूर असायची. नावं अमेरिकन, पण गाड्या जोडल्या जायच्या आपल्या कुर्ल्यात. आणि त्या कुर्ल्यात जोडल्या जाव्यात म्हणून एका सोलापूरच्या माणसाने आठ वर्षं इंग्रज सरकारशी भांडण केलं होतं.

वालचंद हिराचंद.

आज हे नाव घेतलं की कुणाला सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, कुणाला वालचंदनगर, कुणाला रावळगावची चॉकलेटं. मोटारीशी हे नाव फार कमी जण जोडतात. म्हणून आज त्यांची गोष्ट मोटारीच्या बाजूने बघू. आणि गाडीचीच गोष्ट आहे म्हटल्यावर ती तापायची का, आणि आज अशी एखादी जुनी गाडी कुणाकडे असेल तर तिची कूलिंग सिस्टीम साफ कशी करायची, तेही बघू.

तर वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, गुजराती दिगंबर जैन, पण पिढ्यांपूर्वी इकडे येऊन सोलापूरचं झालेलं. सावकारी आणि कापसाचा व्यापार. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते व्यापारी नव्हते, जैन समाजातल्या सुधारणांसाठी धडपडणारे गृहस्थ होते, ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनी चालवलं. आई वालचंद यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. शाळा सोलापुरात झाली, १८९९ मध्ये मॅट्रिक, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज.

घरचा धंदा चालू होता, पेढीवर बसायचं आणि हिशेब बघायचा एवढंच काम होतं. पण वालचंद यांचं मन तिथे रमेना. त्यांनी भागीदार शोधला तोही कसा, तर लक्ष्मणराव बळवंत फाटक, जे आधी कारकुनी करत होते. एकाकडे पैसा उभा करायची ताकद, दुसऱ्याकडे कामाची माहिती. फाटक-वालचंद नावाची ठेकेदारी कंपनी निघाली आणि पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेचं. छोट्या गेजची, छोट्या गावांची रेल्वे. सावकाराच्या पोराने माती उपसायचा धंदा धरला म्हणून सोलापुरात तेव्हा काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

पण माती उपसता उपसता कामं मोठी होत गेली. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचं काम केलं. आणि मग आला बोरघाट.

बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली होती, पण तिच्यात एक गोम होती. चढ इतका तीव्र की गाडी मध्येच एका स्टेशनात थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने पुढे न्यावी लागायची. रिव्हर्सिंग स्टेशन. हे बंद करायचं तर डोंगरातून नवा मार्ग काढणं भाग होतं, आणि नवा मार्ग म्हणजे नवे बोगदे. १९२० च्या दशकात हे बोगदे खोदायचं काम वालचंद यांच्या कंपनीकडे आलं. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते उलटंपालटं स्टेशन इतिहासजमा झालं. आज तुम्ही डेक्कन क्वीनने पुण्याला जाता आणि घाटात एकामागून एक बोगदे लागतात, तेव्हा ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

म्हणजे बघा, घाट चढायला रेल्वेला काय त्रास होतो हे या माणसाला मोटारीच्या आधीच नीट माहीत होतं.

याच काळात, १९२६ मध्ये, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. टाटांच्या बांधकाम कंपनीबरोबर भागीदारी झाली, आणि १९३५ मध्ये त्या कंपनीचं नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालं. हे नाव लक्षात ठेवा. प्रीमियर हा शब्द काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर यायच्या कितीतरी आधी तो दगडमातीच्या ठेकेदारीत होता.

आधी जहाज

वालचंद यांचं सगळ्यात गाजलेलं भांडण मात्र समुद्रावरचं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं एक जहाज विकायला निघालं होतं. युद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलं गेलेलं, नाव लॉयल्टी. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि किलाचंद देवचंद यांना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. दरवर्षी ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो तो याच प्रवासामुळे.

जहाज निघालं खरं, पण समोर होती ब्रिटिश इंडिया कंपनी आणि तिचे लॉर्ड इंचकेप. त्यांनी भाडं पाडलं, कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली, आणि शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने ७५ हजार टनांपेक्षा जास्त जहाजं ठेवायची नाहीत आणि किनाऱ्यालगतच धंदा करायचा. वालचंद यांना हा करार कायम खुपत राहिला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली, तेव्हा परवानगी मागून धंदा करायचा म्हणजे काय, हे त्यांना पुरेपूर कळलेलं होतं.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खिशात असतील त्यापेक्षा मोठ्या कल्पना काढायच्या आणि मग सरकारने हमी द्यावी, माल विकत घ्यावा म्हणून मागे लागायचं. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण त्या काळात इंग्रज कंपन्यांना सरकारी टपाल, सरकारी माल, सरकारी कंत्राटं मिळतच होती. वालचंद मागत होते ते तेच, फक्त देशी माणसासाठी.

मग मोटार

१९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण त्या आपण बनवत नव्हतो. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती, फोर्डही होती. खोक्यातून भाग यायचे, इथले कामगार बोल्ट आवळायचे. नफा बाहेर, ज्ञानही बाहेर. सर विश्वेश्वरय्या यांनी या विरोधात आधीच आराखडा केला होता, गाडी इथेच बनवण्याचा. वालचंद त्यात उतरले आणि १९३९ मध्ये अमेरिकेला गेले.

फोर्डशी जमलं नाही. भारताचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, आणि भारतीय मालकीच्या कारखान्यात त्यांना रस नव्हता. क्रायस्लर मात्र तयार झाली. म्हणून आपल्या घाटात डॉज आणि प्लिमथ दिसल्या.

याच दौऱ्यावरून परत येताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली, ज्याचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. दुसरा कुणी असता तर कार्डाची देवाणघेवाण करून झोपला असता. वालचंद यांनी त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला म्हैसूर संस्थानाच्या मदतीने हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. तीच आजची एचएएल. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. मोटारीसाठी गेलेला माणूस विमान घेऊन आला, आणि दोन वर्षांत जहाजाचा कारखानाही काढायला बसला.

आणि मोटार? मोटार अडकली.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, त्यांनी अनुकूलता दाखवली होती. पण युद्ध सुरू झालं आणि १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आता गाठ थेट दिल्लीशी. दिल्लीचं म्हणणं असं की मोटारीचा कारखाना उभा राहायला वर्षं लागतील, त्याचा युद्धाला उपयोग नाही, म्हणून त्यासाठी डॉलर आणि यंत्रसामग्री मिळणार नाही. त्याच वेळी परदेशी कंपन्यांच्या इथल्या कारखान्यांत लष्करासाठी ट्रक जोडले जात होते. विमानाचा कारखाना सरकारला चालला, कारण त्याची गरज होती. तोही १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. युद्ध संपलं, यंत्रं आली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्याचं वर्ष. तोवर बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्येच निघालेली होती, त्यामुळे पहिलं कोण हा वाद आजही चालतो. आपण त्यात पडायला नको.

ती गाडी तापायची का?

आता बॉनेट उघडू.

पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा थोडाच भाग चाकापर्यंत पोचतो. मोठा वाटा धुराड्यातून जातो आणि साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या भोवती फिरणाऱ्या पाण्याला खेचून न्यावी लागते. ते पाणी रेडिएटरच्या जाळीत येतं, पंख्याची हवा लागून थंड होतं, परत इंजिनात जातं. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणजे जाळीला समोरून वारा कमी. इंजिनावर जोर मात्र सगळ्यात जास्त. त्यात जुन्या कित्येक गाड्यांच्या रेडिएटरला आजच्यासारखं दाब धरणारं झाकण नव्हतं. दाब नसेल तर पाणी शंभर अंशाला उकळणारच, आणि खंडाळ्याच्या उंचीवर त्याच्याही दीड-दोन अंश आधी.

पण हे झालं सगळ्याच जुन्या गाड्यांचं. क्रायस्लरच्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची एक खास भानगड आहे. प्लिमथ असो, डॉज असो, डिसोटो असो की फार्गोचा हलका ट्रक, इंजिनाचं घराणं एकच, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले, वर सपाट हेड. या ब्लॉकच्या आत, पुढच्या वॉटर पंपापासून मागच्या टोकापर्यंत, एक लांबलचक पत्र्याची नळी आडवी सरकवलेली असते. तिला ठरावीक जागी खाचा असतात. पंपाने ढकललेलं थंड पाणी या खाचांतून प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागेवर पडतं, कारण सगळ्यात जास्त तापते ती तीच जागा. मागच्या सिलिंडरलाही पुढच्याइतकंच थंड पाणी मिळावं म्हणून केलेली ही सोय.

नळी पत्र्याची. पाणी विहिरीचं, नळाचं, कधी घाटातल्या ओढ्याचं. गंज चढतो, खाचा बुजतात, नळीला नको तिथे भोकं पडतात. मग पंपाजवळच्या पुढच्या दोन सिलिंडरना भरपूर पाणी मिळतं आणि मागच्या पाचव्या-सहाव्याला उरलंसुरलं. गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा तरीही ठीकठाक दाखवू शकतो. मालक निवांत, आणि मागे व्हॉल्व्ह जळत असतो.

त्यामुळे अशा इंजिनाची कूलिंग सिस्टीम साफ करायची म्हणजे नुसता रेडिएटर धुवून भागत नाही. रेडिएटर दिसतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. रोग बहुतेक वेळा ब्लॉकच्या पोटात असतो.

काम असं चालतं. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये भिंतीवर लिहायला हवं, कारण वाफेने चेहरे भाजल्याचे प्रकार आजही होतात. मग रेडिएटरची खालची तोटी आणि ब्लॉकच्या बाजूची तोटी, दोन्ही उघडायच्या. ब्लॉकच्या तोटीतून पाणी आलंच नाही तर समजायचं की आत गाळ बसलाय. तोटी काढून त्या भोकात तार फिरवली की चिखलासारखा तांबूस लगदा बाहेर येतो.

त्यानंतर रेडिएटर उतरवायचा, होज पाइप काढायचे, वॉटर पंप काढायचा. होज वरून धडधाकट दिसतो पण आतून कुजून त्याचे तुकडे पाण्याबरोबर जाळीत अडकतात, म्हणून जुना होज परत लावण्यात अर्थ नाही. पंप निघाला की समोर त्या नळीचं तोंड दिसतं. आकडा करून ती सरळ बाहेर ओढायची. सरळ आली तर नशीब. बहुतेक वेळा ती तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि या कामाला एक दुपार किंवा तीन दिवस काहीही लागू शकतं. इथे हातोडा चालवणाऱ्याला गाडीपासून लांब ठेवावं. आतल्या भिंती ओतीव लोखंडाच्या आहेत, तडा गेला तर ब्लॉकच गेला.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात, वेल्श प्लग म्हणतात त्यांना. त्या काढल्या की आतलं पाण्याचं घर उघडं पडतं. मागच्या टोकाला, अगदी तळाशी, सगळ्यात जास्त गाळ. त्यात गंज असतो, पाण्यातला चुना असतो, आणि कधी कधी कारखान्यात ब्लॉक ओतताना आत राहिलेली वाळूही निघते. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या बाजूला ओतलेली वाळू तुमच्या हातात येते. वाकडी तार, जुना स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची जोरदार धार, आणि धीर. खरवडायचं, धुवायचं, पुन्हा खरवडायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

जो गंज खरवडून निघत नाही त्याच्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सौम्य प्रमाणात वापरतात. भरून ठेवायचं, काढायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश मारायचा आणि शेवटी साध्या पाण्याने खळखळून घ्यायचं. कॉस्टिक सोडा टाकायचा सल्ला काही जण देतात. लोखंडाच्या ब्लॉकला तो चालून जाईल, पण रेडिएटरच्या झाळकामाचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं तो वाटोळं करतो. पुढे कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली, तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं होतं. डॉजवर शिकलेला उपाय फियाटवर करून हेड खराब केलेले मेकॅनिक त्या काळात कमी नसणार.

रेडिएटर तांब्या-पितळेचा, झाळलेला. त्याला उलटी धार मारायची, म्हणजे पाणी नेहमी ज्या दिशेने वाहतं त्याच्या विरुद्ध दिशेने, खालून वर. त्याने कचरा आला तसा मागे निघतो. एवढ्याने भागलं नाही तर रेडिएटरवाल्याकडे न्यायचा. तो वरची टाकी झाळ सोडवून काढतो आणि प्रत्येक चपट्या नळीतून पातळ पट्टी फिरवतो. हे काम करणारे कारागीर आता कमी होत चाललेत, कारण नव्या गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकचे, खराब झाले की बदलायचे. जुन्या हायवेच्या गावांमधून असा कुणी अजून बसत असेल तर त्याचा पत्ता जपून ठेवा.

नवी नळी बसवताना शक्य असेल तर पितळेची बसवतात, ती गंजत नाही. खाचा योग्य बाजूला आल्या पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे जुनी सवय आहे, गाडी थंड राहते म्हणून. खरं तर इंजिनाला ठरावीक गरम राहावंच लागतं, सतत थंड चालणाऱ्या इंजिनात तेल नीट काम करत नाही आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट लावायचा. विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरायचं, इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत झाकण उघडं ठेवायचं, पाणी खाली गेलं की पुन्हा भरायचं.

मग पनवेलहून खोपोलीचा रस्ता धरायचा आणि घाट चढून बघायचा.

कुर्ला, पुढे

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की वालचंद यांचा सगळा झगडा याच नळीसारख्या वस्तूंचा होता. गाडी खोक्यातून येते तोवर तिची नळीसुद्धा खोक्यातून येते. ती गंजली तर डेट्रॉइटकडे बघायचं, नाहीतर गाडी उभी. गाडी इथे बनवायची म्हणजे पंप, नळी, गॅस्केट, गिअर, सगळ्याचे साचे इथे हवेत, ते ओतणारे आणि तासणारे हात इथे हवेत. १९४७ मध्ये कुर्ल्यातून बाहेर पडलेली गाडी त्या अर्थाने अजून जोडलेलीच गाडी होती. वालचंद यांनाही हे माहीत होतं. बनवण्याचा टप्पा पुढचा होता.

तो त्यांना बघायला मिळाला नाही. विशाखापट्टणमला बांधलेलं पहिलं मोठं जहाज जलउषा १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, ते त्यांनी पाहिलं. पण १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पन्नास साली त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पुढची वर्षं आजारपणाची, पत्नी कस्तुरबाईंनी सेवा केली. १९५१ मध्ये कुर्ल्यात फियाटची छोटी ५०० जोडायला सुरुवात झाली तेव्हा ते कारखान्याच्या रोजच्या कामात नव्हते. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. सत्तर वर्षांचे होते.

आणि त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालाने ते मागत होते ते घडलं. ज्यांच्याकडे गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच भारतात राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनी आपलं इथलं काम गुंडाळलं. चौदा वर्षांपूर्वी ज्यांचा नकार पचवून वालचंद परतले होते ती फोर्ड बाहेर गेली, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीत आली. निकाल लागला तेव्हा दावा लावणारा हयात नव्हता.

या बंद दाराचे तोटेही झाले, हे सांगायला हवं. स्पर्धा नाही म्हटल्यावर गाड्या वर्षानुवर्षं त्याच राहिल्या. १९५४ पासून आलेली फियाट ११०० हीच पुढे १९६४ मध्ये डिलाइट झाली, सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. लोकांनी नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघितली. पण त्या काळात पंप, रेडिएटर, गॅस्केट बनवणारे शेकडो छोटे कारखाने मुंबई, ठाणे, पुण्याच्या पट्ट्यात उभे राहिले, हेही तितकंच खरं.

बाकी वारसा विखुरलेला आहे. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ मध्ये धोंडुमामा साठ्यांनी सुरू केलं होतं, पन्नासच्या दशकात वालचंद ट्रस्टच्या देणगीनंतर त्याला वालचंद यांचं नाव मिळालं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. बंगळुरूची विमानं आणि विशाखापट्टणमची जहाजं सरकारी झाली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता, तो बंद पडून जमाना झाला, पण तिथल्या मोकळ्या जागेला लोक अजून प्रीमियर ग्राउंडच म्हणतात, आणि राजकीय सभा असली की ते नाव बातम्यांत येतं. त्याच रस्त्याने शिळफाट्यावरून पुढे गेलात की पनवेल.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या डॉज आणि प्लिमथ त्याच्या खूप आधी दिसेनाशा झाल्या. आता त्या असतात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये चादरीखाली, आणि वर्षातून एखाद्या रविवारी मालक त्या बाहेर काढतो, रेडिएटरचं झाकण उघडून आत टॉर्च मारतो आणि पाण्याचा रंग बघतो.